चाचपणे आणि दाबणे

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातील एका रात्री माझ्याच बोटाने माझे मापन थांबवले, आणि ते थांबल्याचे मला चाळीस मिनिटे कळले नाही.

कमी तापमानाच्या भौतिकीत काम करणाऱ्यांना अशी रात्र ओळखीची असते. एका पातळ पटलाचा विद्युत्-रोध खोलीच्या तापमानापासून द्रवरूप हेलियमच्या तापमानापर्यंत, म्हणजे ४.२ केल्विनपर्यंत, मोजायचा होता. नमुना सावकाश थंड होत होता आणि लॅपटॉप दर दोन सेकंदांनी एक नोंद घेत होता. मध्येच प्रवाहाचे मूल्य बदलण्यासाठी मी '१' हा आकडा टंकला. बोटाचे टोक अंकांच्या ओळीपेक्षा केसभर वर गेले असावे. त्या लॅपटॉपवर तिथे कळा नव्हत्या. एक सपाट, गुळगुळीत स्पर्शपट्टी होती आणि तिच्यावर उजळलेली चिन्हे होती. डावीकडचे पहिले चिन्ह 'एस्केप'चे. एस्केप म्हणजे 'मापन थांबवा', अशी सोय आम्हीच आमच्या प्रोग्रॅममध्ये करून ठेवली होती. ना बोटाला खटका जाणवला, ना कानाला आवाज आला. मी चहा घ्यायला गेले. परतले तेव्हा आलेखावरची रेघ जिथे सोडली होती तिथेच उभी होती. ज्या तापमानाच्या टापूसाठी सारा खटाटोप चालला होता, तो ओलांडून नमुना केव्हाच खाली उतरला होता.

हेलियम महाग असते. तरीही त्या रात्री पैशांपेक्षा मला लाज अधिक वाटली, कारण तो लॅपटॉप मीच निवडला होता. खरेदीचे तपशीलपत्र माझ्या हातचे होते. प्रोसेसर, स्मृती, साठवण, पडद्याची स्पष्टता, वजन, बॅटरी असे सारे रकाने मी काळजीपूर्वक भरले होते. कीबोर्डसाठी एकही ओळ लिहिली नव्हती. त्या चकचकीत पट्टीचे मला कौतुकच वाटले होते.

प्रयोगशाळेत त्या वेळी माझ्याबरोबर एक विद्यार्थी होता. मूळचा नांदेड जिल्ह्यातला, आकडेवारीच्या विश्लेषणात विलक्षण तरबेज. त्याची दृष्टी अतिशय अधू आहे. प्रकाश आणि मोठे आकार तेवढे जाणवतात, अक्षर वाचता येत नाही. तो संगणक चालवतो स्क्रीन रीडरच्या आधाराने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या मदतीने. माझी फजिती पाहून तो काही बोलला नाही. पिशवीतून एक साधा, तारेचा कीबोर्ड काढून त्याने माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, हा लावा. पुन्हा नाही होणार तसं."

तो कीबोर्ड मी तीन महिने पाहत होते. नव्या लॅपटॉपला तो रोज जोडायचा आणि संध्याकाळी काढून पिशवीत ठेवायचा. एखाद्याला आपलाच पेन लागतो, तशी ही त्याची सवय असावी असे मी मानले होते. त्या रात्री प्रथमच विचारले, "तुला ही पट्टी वापरताच येत नव्हती? मग बोलला का नाहीस?"

"खरेदी झाली होती, मॅडम. नवीन मशीन होतं. मी काय बोलणार?"

मग मी पुढे केलेल्या खुर्चीत बसून त्याने जे सांगितले, ते ऐकल्यापासून कळ या वस्तूकडे मी वेगळ्या नजरेने पाहते. तो म्हणाला, "कळेवर मी आधी नुसतं बोट ठेवतो. ही कुठली, तिच्या शेजारी कुठली, दोन कळांच्या मधली फट कुठे आहे, हे बोटाला कळतं. खात्री झाली की दाबतो. या पट्टीवर बोट ठेवलं की काम होऊनच जातं. शोधायला गेलो की हुकूम सुटतो."

शोधायला गेलो की हुकूम सुटतो. या विषयावर मी पुढे जे काही वाचले, ते सारे या एका वाक्याभोवती फिरत राहिले.

माझा लॅपटॉप कोणत्या कंपनीचा हे इथे गौण आहे, कारण या वाटेने अनेक जण गेले आहेत. २०१४ साली लेनोवोने थिंकपॅड एक्स-१ कार्बनच्या नव्या आवृत्तीत वरची कळांची ओळ काढून तिथे बदलत्या चिन्हांची स्पर्शपट्टी बसवली. पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत कळा परत आल्या. २०१६ साली अ‍ॅपलने मॅकबुक प्रोवर 'टच बार' आणली. ती २१७० गुणिले ६० बिंदूंची एक लांबट, रंगीत स्पर्शपडदीच होती, आणि तिने एस्केपची खरी कळही गिळली. २०१९ साली १६ इंची मॅकबुक प्रोवर एस्केपची कळ परतली, २०२१ च्या नव्या मॅकबुक प्रोवर संपूर्ण ओळ परतली, आणि २०२३ साली टच बार असलेले शेवटचे मॉडेलही विक्रीतून गेले. दरम्यान २०२२ मध्ये डेलने एक्सपीएस १३ प्लसवर तोच प्रयोग वेगळ्या रूपात केला.

या सगळ्यावर वापरणाऱ्यांची मते वाचताना दोन पक्ष स्पष्ट दिसतात. पहिल्या पक्षाला पट्टी आवडली. आवाज किंवा उजेड बोट सरकवून हवा तितका कमीजास्त करता येतो, चित्रफितीत हव्या त्या क्षणी जाता येते, आणि ज्यांना एफ-१ ते एफ-१२ या कळांचे अर्थ कधीच पाठ नव्हते त्यांना चिन्हे पाहून काम करता येते. हे फायदे खरे आहेत. शिवाय हलणारा भाग नाही म्हणजे झिजणे नाही, फटींत धूळ साचणे नाही. दुसरा पक्ष प्रामुख्याने प्रोग्रॅमर, लेखक आणि संपादक अशा दिवसभर टंकणाऱ्यांचा. त्यांची तक्रार एकच, पण निरनिराळ्या शब्दांत: पडद्यावरची नजर काढून खाली पाहावे लागते, आणि नको तेव्हा काहीतरी घडते. 'विम' नावाचा मजकूर-संपादक वापरणारे तर मिनिटाला अनेकदा एस्केप दाबतात. त्यांच्यासाठी ती कळ नाहीशी होणे म्हणजे सुताराच्या हातातला पटाशीचा दांडा काढून घेण्यासारखे होते.

मी पहिल्या पक्षातून दुसऱ्या पक्षात आले, तेही स्वतःला ठेच लागल्यावर. तेव्हा प्रश्नाचे मूळ भौतिकीत शोधून पाहणे मला अपरिहार्य वाटले.

स्पर्शपट्टीखाली विद्युत्-अग्रांची जाळी असते. त्यांच्यात धारिता असते. दोन वाहकांनी विद्युत्प्रभार साठवण्याची ही क्षमता बारावीच्या पुस्तकात सर्वांनी शिकलेली आहे. आपले बोट पाण्याने आणि क्षारांनी भरलेले, म्हणजे चांगले वाहक. ते जवळ आले की तिथल्या विद्युत्-क्षेत्राची रचना बदलते आणि धारिता किंचित बदलते. हा बदल साधारण एक पिकोफॅरड किंवा त्याहूनही कमी असतो; एक पिकोफॅरड म्हणजे फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. पट्टीखालची चिप हा बदल सेकंदाला अनेकदा मोजते आणि तो ठरावीक उंबरठ्यापलीकडे गेला की 'स्पर्श झाला' असा निर्णय देते.

यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. निर्णय बोटाच्या जवळिकीवर होतो, जोरावर नाही. हलकेच टेकलेले बोट आणि निश्चयाने दाबलेले बोट यांतला फरक साध्या धारितेच्या मापनात फारसा उरत नाही. दुसरे असे की पाण्याचा विद्युत्-अपार्यता स्थिरांक सुमारे ८० आहे, हवेचा जवळपास १. म्हणून घामेजलेले बोट किंवा पावसाळ्यातला ओलसर थर या सूक्ष्म मापनात गोंधळ घालू शकतो. चांगल्या चिपा त्यासाठी आपला आधारबिंदू सतत जुळवून घेतात, तरी जुलै महिन्यातल्या आपल्या खोल्यांत हा प्रश्न पुरता मिटत नाही.

आता साधी कळ पाहा. लॅपटॉपच्या कळेखाली बहुधा रबराची एक छोटी घुमटी असते. बोटाचा जोर वाढत जातो तशी ती प्रथम विरोध करते. जोर अर्धा ते पाऊण न्यूटनच्या आसपास पोहोचला की ती अकस्मात आत दुमडते आणि विरोध एकदम कमी होतो. ही अस्थैर्याची घटना यंत्रशास्त्रात सुपरिचित आहे. बरणीच्या पत्र्याच्या झाकणाचा फुगवटा दाबला की 'टक्' करून आत जातो, तोच हा प्रकार. कळ जेमतेम एक-दीड मिलिमीटर खाली जाते, पण तेवढ्यात तीन वेगळ्या अवस्था सामावलेल्या असतात: बोट टेकले आहे, बोट दाबत आहे, काम झाले आहे. टेकलेल्या बोटाचे वजन घुमटी दुमडायला पुरत नाही, म्हणून टेकणे सुरक्षित असते. आणि विरोध अचानक कमी होणे ही बोटाला मिळालेली पोच असते.

ती पोच घेणारी यंत्रणा आपल्या त्वचेत आहे. बोटाच्या टोकाशी निरनिराळे स्पर्शग्राहक असतात. मर्केल पेशी कडा आणि आकार ओळखतात. माइसनर ग्राहकांना निसटती, हळुवार हालचाल कळते. खोलवरच्या पॅसिनी ग्राहकांना कंपने कळतात, विशेषतः सेकंदाला दोन-तीनशे आवर्तनांच्या आसपासची. हलक्या स्पर्शाच्या मुळाशी असलेले पिएझो-२ हे प्रथिन शोधणारे आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस यांच्यासमवेत मिळाले, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. गुळगुळीत पट्टीवर मात्र यातल्या बहुतेक ग्राहकांना सांगण्यासारखे काहीच घडत नाही. कडा नाही, फट नाही, खटका नाही. सारा भार एकट्या डोळ्यांवर येतो, आणि ज्याचे डोळे तो भार उचलू शकत नाहीत त्याच्यासाठी ती पट्टी म्हणजे कोरी पाटी असते.

कीबोर्डवर इंग्रजी एफ आणि जे या कळांवर एक बारीक उंचवटा असतो. इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकणाऱ्यांच्या डाव्या तर्जनीखाली त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी येते आणि उजव्या तर्जनीखाली 'र'. माझा विद्यार्थी मराठी असेच टंकतो. त्या दोन उंचवट्यांवरून त्याचे सारे अक्षरविश्व बांधलेले आहे; घरातल्या उंबऱ्यावरून अंधारात खोल्या ओळखाव्यात, तसे.

मग धारितेच्या पट्टीला खलनायक ठरवून मोकळे व्हावे का? तसे करायला मी निघाले होते, पण इतिहासाने अडवले. हे तंत्र आम्हा भौतिकीवाल्यांच्या अंगणातही वाढलेले आहे. ब्रिटनमधील मॅल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये धारितेवर चालणाऱ्या स्पर्शपडद्याची कल्पना प्रसिद्ध केली. पुढे सर्नमध्ये सात किलोमीटर परिघाचा सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन हा त्वरक उभा राहत होता. जुन्या पद्धतीने त्याचा नियंत्रणकक्ष बांधायचा तर हजारो बटणे आणि खुंट्या लागल्या असत्या. तेव्हा फ्रँक बेक आणि डॅनिश अभियंता बेंट स्टुम्पे यांनी सोळा स्पर्शस्थाने असलेला पारदर्शक पडदा तयार केला. बटणांची नावे आणि कामे संगणकाने बदलायची. १९७६ साली त्वरक सुरू झाला तेव्हा तो या पडद्यांवरून चालवला गेला.

मला महत्त्वाची वाटते ती यापुढची गोष्ट. त्याच स्टुम्पे यांनी त्याच नियंत्रणकक्षासाठी एक गोल खुंटीही तयार केली होती. पडद्यावर निवड करायची आणि निवडलेली राशी त्या खुंटीने, हाताने फिरवून, कमीजास्त करायची. निवडीसाठी स्पर्श आणि नियमनासाठी हाताला जाणवणारी वस्तू, अशी कामाची वाटणी तिथे पन्नास वर्षांपूर्वी झालेली होती. कोणत्या कामासाठी नजर मोकळी आहे आणि कोणत्या कामासाठी नाही, हा विचार त्यामागे दिसतो.

सपाट पृष्ठभाग मुळातच वाईट असेही नाही. २०१५ पासून अ‍ॅपलच्या काही लॅपटॉपांवरचा ट्रॅकपॅड प्रत्यक्षात खाली जातच नाही. खालचे संवेदक बोटाचा जोर मोजतात आणि एक विद्युत्-चुंबकीय यंत्रणा पृष्ठभागाला आडवा सूक्ष्म हिसका देते. मेंदूला वाटते की खटका बसला. संगणक बंद असताना तो दाबून पाहा, खटका नाहीसा होतो. तिथे टेकणे आणि दाबणे यांतला फरक राखलेला आहे, म्हणून तक्रारी झाल्या नाहीत. वादाचा मुद्दा त्यामुळे हलणाऱ्या कळेपेक्षा लहान आणि नेमका आहे: वस्तूने काम करण्यापूर्वी तिला ओळखता येते का?

जिथे चूक महाग पडते, तिथे हा प्रश्न अधिक कठोरपणे विचारला जात आहे. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ 'जॉन एस. मॅकेन' ही अमेरिकी विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळून दहा नौसैनिक मृत्युमुखी पडले. चौकशीत अपुऱ्या प्रशिक्षणासह अनेक कारणे पुढे आली. त्यांत स्पर्शपडद्यांवरील सुकाणू आणि वेगाच्या नियंत्रणाचा गोंधळही होता. त्यानंतर अमेरिकी नौदलाने त्या वर्गातील जहाजांवर हाताने ढकलायचे दांडे परत बसवण्याचे ठरवले. मोटारींच्या सुरक्षिततेचे गुणांकन करणाऱ्या युरो एनकॅप संस्थेनेही २०२६ पासून वळणाचे दिवे, वायपर, भोंगा यांसारख्या मूलभूत कामांसाठी प्रत्यक्ष कळा असण्याला गुण जोडले आहेत.

आणि आपल्याकडे? आपण सर्वांनी दाबलेली एक उत्तम कळ आठवून पाहा. मतदान यंत्रावर उमेदवाराच्या नावासमोरची निळी कळ. ती दाबावी लागते; दाबली की लाल दिवा लागतो आणि लांब शिट्टी वाजते. कळेच्या शेजारी ब्रेलमध्ये क्रमांक असतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे ९७ कोटी नोंदणीकृत मतदारांसाठी हेच यंत्र होते, त्यांत आयुष्यात कधी संगणकाला हात न लावलेलेही होते. एटीएमच्या बाबतीतही रिझर्व्ह बँकेने जुलै २०१४ पासूनच्या नव्या यंत्रांना बोलक्या सूचना आणि ब्रेल कळा असाव्यात, असे बँकांना सांगितलेले आहे. म्हणजे सार्वजनिक यंत्र कसे असावे, हे आपल्या देशाला ठाऊक आहे. प्रयोगशाळेसाठी लॅपटॉप विकत घेताना ते मला आठवले नाही, एवढेच.

शोध घेता घेता मी मानकांपर्यंत पोहोचले आणि तिथे थबकले. संगणकीय उपकरणांच्या सुगम्यतेसाठी युरोपचे ईएन ३०१ ५४९ हे मानक आहे. त्यातील एका कलमाचा आशय असा: उपकरणाचा हाताळण्याचा प्रत्येक भाग, न पाहता आणि त्याचे काम न घडवता, ओळखता येण्याची सोय असली पाहिजे. 'शोधायला गेलो की हुकूम सुटतो' ही माझ्या विद्यार्थ्याची तक्रार कुणीतरी आधीच नियमाच्या भाषेत लिहून ठेवली होती. भारतीय मानक ब्युरोनेही याच विषयावर आयएस १७८०२ हे मानक काढले असून त्याचा पहिला भाग २०२१ चा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिबाधित यांच्या ई-केवायसीच्या प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. न्यायालय आणि मानके आपापले काम करतात. तपशीलपत्र मात्र माझ्यासारखीच कुणीतरी, दुपारी जेवणानंतर, जुन्या फाइलवरून नवी करत असते. हक्क तिथे अडतो.

मला सर्वाधिक टोचते ते हे की माझ्या चुकीची झळ मला एका रात्रीपुरती लागली आणि त्याला तीन महिने रोज लागत होती. माझी चूक आलेखावर दिसली; त्याची अडचण एका पिशवीत मावली. वापरणाऱ्यांची मते म्हणून आपण जी वाचतो, ती बोलणाऱ्यांची मते असतात. जो स्वतःचा कीबोर्ड घेऊन येतो आणि गप्प बसतो, त्याचे मत कुठेच नोंदले जात नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही ते मापन पुन्हा केले, त्याच तारेच्या कीबोर्डवर. एस्केपला दिलेले 'थांबवा' हे काम आता आम्ही काढून घेतले आहे; मापन थांबवायला दोन कळा एकत्र दाबाव्या लागतात आणि थांबले की शिट्टी वाजते. मतदान यंत्राकडून घेतलेली ती उसनवारी. पुढच्या खरेदीच्या तपशीलपत्रात एक ओळ वाढली आहे: 'सर्व कळा न पाहता आणि न दाबता बोटाने ओळखता याव्यात.' ती ओळ त्याने सांगितली, मी टंकली. समितीत एकाने विचारले, याची काय गरज? मी त्यांना डोळे मिटून जुन्या लॅपटॉपवर एस्केप शोधायला सांगितले. ओळ कायम राहिली.

विद्यार्थी मित्रांनो, हाच प्रयोग तुम्हीही करा. डोळे मिटा आणि साध्या कीबोर्डवर एफ-५ ही कळ न दाबता शोधा. मग मोबाइलच्या अंकपटावर '९' हा आकडा, एकही अंक न उमटवता, शोधून पाहा. प्रत्येकी दहा वेळा करा आणि किती वेळा जमले ते लिहून ठेवा. नंतर आपल्या वर्गात, वसतिगृहात, प्रयोगशाळेत कुणी स्वतःचा कीबोर्ड, स्वतःचा माउस किंवा स्वतःचा दिवा घेऊन येत असेल, तर का आणतो ते त्याला विचारा. मी तीन महिने उशिरा विचारले.